साडेतीन हजार किलोमीटरांचा वळसा

२७ जानेवारी २०२५. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक कासवीण अंडी घालायला वर आली. विणीचा हंगाम चालू होता, रत्नागिरी जिल्ह्यात ठिकठिकाणच्या पुळणींवर माद्या येत होत्या, त्यामुळे तिच्या येण्यात वेगळं काही नव्हतं. वेगळं होतं ते तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायात. तिथे धातूची एक छोटी पट्टी घट्ट बसवलेली होती आणि पट्टीवर आकडा होता : ०३२३३.

अभ्यासक या पट्टीला टॅग म्हणतात. प्रत्येक टॅगचा क्रमांक वेगळा असतो आणि तो कुणी, कुठे, कधी लावला याची नोंद ठेवलेली असते. गुहागरला दिसलेल्या क्रमांकाचा माग काढत गेल्यावर नोंद सापडली ती थेट ओडिशातली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. बासुदेव त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ही पट्टी तिला लावली होती. गहिरमाथा बंगालच्या उपसागराच्या काठावर, गुहागर अरबी समुद्राच्या काठावर. जवळजवळ चार वर्षांनी तीच मादी भारताच्या दुसऱ्या अंगाला, दुसऱ्या समुद्राच्या वाळूत अंडी घालत होती.

भारताचा नकाशा पुढ्यात घेऊन गुहागर आणि गहिरमाथा या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवली, तर मधली सरळ रेघ लातूर जिल्ह्यातून, आमच्या औशाच्या अगदी जवळून जाते. रेघेची लांबी साधारण दीड हजार किलोमीटर भरते. पण या रेघेवर सह्याद्री आहे, दख्खनचं पठार आहे, छत्तीसगड आणि ओडिशाचे डोंगर आहेत. कासविणीला ही वाट नाही. तिला पूर्व किनाऱ्याने खाली उतरायचं, श्रीलंकेला वळसा घालायचा, कन्याकुमारी मागे टाकून केरळ, कर्नाटक, गोवा असं वर चढत कोकण गाठायचं. हा प्रवास किमान साडेतीन हजार किलोमीटरांचा होतो.

बातमी वाचणाऱ्यांचं लक्ष या अंतराने वेधलं. समुद्रकासवांवर काम करणाऱ्यांसाठी मात्र खरा धक्का वेगळाच होता. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, अशी त्यांची वर्षानुवर्षांची समजूत होती. एका कासविणीने ती मोडली.

ही समजूत काही हवेतून आलेली नव्हती. तिच्यामागे पन्नास वर्षांचं निरीक्षण होतं, आणि त्याची सुरुवातही एका शोधानेच झाली होती.

१९७४ साली एच. आर. बस्टर्ड हे मगरींचे तज्ज्ञ ओडिशात काम करत होते. ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्या जिथे समुद्राला मिळतात त्या भितरकनिकाच्या खाडीप्रदेशात मगरींसाठी हिंडताना गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावरची विराट वीण त्यांच्या नजरेला आली आणि त्यांनी ती जगासमोर ठेवली. थोड्या दिवसांच्या अवधीत हजारो, कधी लाखो माद्या एकाच वाळूवर येऊन अंडी घालतात. या सामूहिक विणीला स्पॅनिश भाषेतलं ‘अरिबादा’ हे नाव जगभर रूढ आहे. मेक्सिको आणि कोस्टारिकातल्या काही किनाऱ्यांवर ती दिसते, पण जगात अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. गहिरमाथ्याच्या आसपासच्या लोकांना अर्थात ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिथली अंडी होड्या भरभरून गोळा केली जात आणि त्यासाठी रीतसर परवाने मिळत. शास्त्राला मात्र तिचा पत्ता तेव्हा लागला. पुढे १९८१ मध्ये देवी नदीच्या मुखाजवळ आणि १९९४ मध्ये ऋषिकुल्येच्या मुखाजवळ सामूहिक विणीची आणखी दोन ठिकाणं उजेडात आली.

एवढी कासवं येतात कुठून आणि वीण आटोपली की जातात कुठे, हा पुढचा प्रश्न होता. सी. एस. कर यांनी १९७०च्या दशकात गहिरमाथ्याला हजारो माद्यांना टॅग लावले. त्यातले काही पुढे दूरवर सापडले, ते तामिळनाडूच्या दक्षिण टोकाशी आणि श्रीलंकेच्या आसपास. उपग्रहाशी बोलणारी यंत्रं हाती आल्यावर २००१ मध्ये ओडिशातल्या चार कासवांच्या पाठीवर ती बसवली गेली. त्यातलं एकही श्रीलंकेकडेच गेलं. या सगळ्यातून चित्र तयार झालं ते असं : पूर्व किनाऱ्याची कासवं हिवाळ्यात ओडिशाकडे येतात, वीण झाल्यावर दक्षिणेला श्रीलंकेपर्यंत उतरतात आणि पुन्हा त्याच वाटेने वर जातात. श्रीलंकेच्या पलीकडे, पश्चिमेकडे जाणारी खूण या नोंदींत नव्हती.

पश्चिम किनाऱ्याची गोष्ट अगदी निराळी होती. इथे अरिबादा नाही. एका रात्री एका पुळणीवर एखादी मादी येते, कधी दोन येतात, कधी आठवडाभर एकही नाही. महाराष्ट्रात तर समुद्रकासवं अंडी घालतात हेच फारसं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे साथीदार पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी शोधत कोकण किनाऱ्याने फिरत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, म्हणजे नाना फडणविसांच्या गावी, त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की कासवं दरवर्षी येतात, पण अंडी माणसं नेतात, नाहीतर कुत्री आणि कोल्हे उकरतात. गरुडांचा शोध बाजूला राहिला आणि कासवांचं काम हाती आलं. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात पोहोचली.

वेळासला हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. पहाटे कासवमित्र पुळणीवर फेरी मारतात. ओल्या वाळूत पाण्याकडून वर आलेला आणि पुन्हा पाण्याकडे गेलेला माग दिसला की तो जिथे वळतो तिथे काठीने हलकेच चाचपून बघतात. वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरायला लागायचं. दीडेक फूट खाली मडक्याच्या आकाराचा खळगा असतो आणि त्यात टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी, गोल अंडी, शंभराच्या आसपास. ती अलगद काढून, मोजून, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा आणि तशाच आकाराचा खळगा करून त्यात ठेवतात. शेजारी तारखेची पाटी लावतात. ४५ ते ६० दिवसांनी अंडी फुटायला येतात, तेव्हा त्या जागी टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची. एखाद्या सकाळी तिच्याखाली राखाडी रंगाची, तळहातात मावतील एवढी पिल्लं एकमेकांवर चढत वळवळत असतात. त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. उचलून पाण्यात टाकत नाहीत, कारण वाळूवरचा तो छोटा प्रवास त्यांचा त्यांनी करायचा असतो.

तसं करण्याला कारण आहे. समुद्रकासवं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने दिशा ओळखतात, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. जिथे जन्म झाला त्या किनाऱ्याची चुंबकीय ओळख पिल्लाच्या ठायी पक्की होते आणि वयात आल्यावर मादी त्या आधाराने आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे परतते, असं शास्त्रज्ञ मानतात. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तसंच हे. रिडलेंना वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. हजार पिल्लांतून एखादंच तेवढं जगतं. जे जगतं, ते परत येतं.

दोन किनाऱ्यांच्या दोन वेगळ्या वंशावळी, ही समजूत इथे अधिकच पक्की झाली. ओडिशाची लेक ओडिशाला येणार, कोकणची कोकणात. विणीची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. मग दोघींची गाठ पडायची कशाला?

२०२२ उजाडेपर्यंत महाराष्ट्राची कासवं अंडी घालून कुठे जातात हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या वर्षी २५ जानेवारीला वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या कवचावर उपग्रह टॅग बसवण्यात आला. पश्चिम किनाऱ्यावर असं प्रथमच घडत होतं, म्हणून तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि देहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा एकत्रित प्रकल्प होता आणि शास्त्रीय धुरा डॉ. आर. सुरेशकुमार यांच्याकडे होती. आंजर्ल्याला ‘सावनी’ला टॅग लागला. फेब्रुवारीत वनश्री, रेवा आणि लक्ष्मी या तिघींची भर पडली.

टॅग लावण्याची वेळ नेमकी निवडावी लागते. अंडी घालायला सुरुवात झाली की मादी एका तंद्रीत जाते. आजूबाजूला कोण आहे याचं भान तिला उरत नाही. मागच्या पायांनी खळगा बुजवून ती अख्खं अंग डावी-उजवीकडे आपटत वाळू दाबते, तो धप्‌धप्‌ आवाज शांत रात्री बऱ्याच अंतरावर ऐकू येतो. हे सगळं उरकून ती पाण्याकडे वळली की मग तिला थांबवायचं. कवच स्वच्छ पुसायचं, घासून कोरडं करायचं, त्यावर राळेसारख्या चिकट लेपाने यंत्र बसवायचं आणि लेप वाळेपर्यंत तिला धरून ठेवायचं. मणभर वजनाचा तो जीव सोडताक्षणी समुद्राकडे सरकायला लागतो. त्यानंतर ती श्वास घ्यायला पृष्ठभागावर येईल तेवढ्याच वेळात यंत्राची अँटेना उपग्रहाला ठिकाण कळवू शकते. पाण्याखाली सगळी शांतता.

पहिल्या आठवड्यांतच नवं काही कळायला लागलं. सावनी आंजर्ल्याला अंडी घालून गेली होती. काही दिवसांनी ती जवळच्याच केळशीच्या किनाऱ्यावर पुन्हा आली आणि तिने दुसरं घरटं केलं. एका हंगामात मादी दोनदा अंडी घालू शकते, आणि दोन्ही वेळा एकाच पुळणीवर असेल असं नाही, याचा पुरावाच मिळाला. प्रथमा उत्तरेला गुजरातकडे गेली. बाकीच्या दक्षिणेकडे सरकल्या. मग काही महिन्यांत एकेक यंत्र मुकं झालं. बॅटरी संपते, अँटेना तुटते, यंत्रावर शेवाळ आणि शिंपले चढतात. रेघा मध्येच थांबल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोघींना उपग्रह टॅग लावले : ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’. या वेळी बागेश्रीने अभ्यासकांना जागं ठेवलं. ती किनाऱ्याने सरळ खाली निघाली. गोवा मागे पडलं, कर्नाटक मागे पडलं, केरळही. कन्याकुमारीपाशी ती वळून परत येईल असं वाटत असताना ती पुढेच गेली, श्रीलंकेच्या दक्षिणेने वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. कोकणात अंडी घातलेली मादी पूर्वेच्या समुद्रात पोहोचल्याचं पडद्यावरच्या ठिपक्यांनी दाखवून दिलं.

तरीही शंकेला जागा होती. ती तिथे खायला गेली असेल. दूरच्या समुद्रात चारा शोधून घरी परतणारे प्राणी कमी नाहीत. एकाच पाण्यात चरणारी कासवं एकाच कुळातली असतात असं नाही. दोन किनारे खऱ्या अर्थाने जोडलेले आहेत हे म्हणायचं, तर एकाच मादीचं नातं दोन्ही किनाऱ्यांच्या वाळूशी दिसायला हवं होतं. आणि हा पुरावा लाखमोलाच्या यंत्राने दिला नाही. तो दिला एका साध्या धातूच्या पट्टीने, जिला ना बॅटरी आहे ना अँटेना.

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२१ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत ओडिशात बारा हजारांच्या आसपास कासवांना अशा पट्ट्या लावल्या. रात्रीच्या अंधारात, हजारो माद्यांच्या गर्दीत, एकेकीच्या पायाला चिमट्याने पट्टी दाबायची, क्रमांक लिहायचा आणि पुढच्या मादीकडे वळायचं. या कामात चमक नाही. लावलेली पट्टी पुन्हा नजरेला पडेल याची खात्री तर मुळीच नाही. ती पडायची असेल, तर मादी जगली पाहिजे, पट्टी पायात टिकली पाहिजे, मादी कुठल्या तरी किनाऱ्यावर वर आली पाहिजे आणि तिथे त्या वेळी माणूस हजर असला पाहिजे. गुहागरला ही शेवटची अट पूर्ण झाली, कारण वीस वर्षांपूर्वी वेळासला सुरू झालेलं काम तोवर किनाराभर पसरलेलं होतं. एका किनाऱ्यावर नेटाने लावलेला आकडा दुसऱ्या किनाऱ्यावर नेटाने वाचला गेला. या शोधाचं श्रेय त्या दोन्ही टोकांच्या माणसांना आहे.

०३२३३ने गुहागरला सव्वाशेच्या आसपास अंडी घातली. त्यातून १०७ पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली.

आता जुन्या चौकटीत न बसणारे प्रश्न समोर उभे आहेत. ओडिशात लाखोंच्या गर्दीत उतरणारी मादी कोकणात एकटीने घरटं कसं करते? गर्दीत अंडी घालण्याचा एक तोटा असतो : आधी घातलेली अंडी मागाहून येणाऱ्या माद्या उकरून टाकतात. निवांत किनाऱ्यावर तो धोका नाही, पण तिथे कुत्री-कोल्ह्यांचा डोळा असतो. दोन्हीकडे अंडी विखरून ठेवणं हा वंश टिकवण्याचा तिचा मार्ग असू शकतो. श्रीलंकेच्या पाण्यात दोन्ही किनाऱ्यांची कासवं एकत्र येत असतील आणि हंगाम आला की काही इकडे, काही तिकडे वळत असतील. कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशाच्या रिडलेंचा जनुकीय अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचा वंश जगातल्या इतर रिडलेंपेक्षा जुना असल्याचं पुढे आलं होतं. आता कोकणच्या कासवांची जनुकं त्याच्या शेजारी ठेवून तपासावी लागतील. जन्माचा किनारा आणि विणीचा किनारा यांचं नातं आपण मानत होतो त्यापेक्षा सैल आहे, एवढं मात्र या एका मादीने दाखवलंच.

आणि ते सैल असणं तिच्या फायद्याचंही आहे, कारण किनारा जागेवर राहत नाही. गहिरमाथ्याची वीण ज्या लांब वाळूच्या जिभेवर होत असे, ती १९८९च्या वादळात तुटली. तिचं टोक मुख्य भूमीपासून सुटून बेट झालं. १९९९च्या महाचक्रीवादळाने आणखी लचके तोडले. कासवं त्या आक्रसत जाणाऱ्या बेटांवर येत राहिली, पण मधली काही वर्षं सामूहिक वीण झालीच नाही. ऋषिकुल्येचं मुख सरकतं आणि वाळूचे पट्टे त्याच्याबरोबर जागा बदलतात. कोकणात ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर-दापोलीच्या पट्ट्यात सुरूची बनं आडवी केली, पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ येऊन गेलं. उधाणाने गावं खचू नयेत म्हणून धूपप्रतिबंधक बंधारे घातले जातात. जिथे दगडांची भिंत पुळणीवर येते, तिथे मादीला वर चढायला वाट उरत नाही. शिवाय वाळू तापते आहे. अंड्यातलं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. उन्हाळा असाच चढत गेला तर काही पुळणींवर नर जन्मणंच दुर्मिळ होईल आणि त्याहून जास्त तापमानात अंडी शिजून जातील. अशा काळात एकाच किनाऱ्याला चिकटून राहणाऱ्या जीवापेक्षा दोन किनारे ठाऊक असलेला जीव तगण्याची शक्यता अधिक.

समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत राहणाऱ्या औशाच्या माणसाने याचा विचार का करावा? कारण वाळू समुद्रात तयार होत नाही, तिचा मोठा भाग नद्या आणतात. आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहणारी तेरणा मांजरेला मिळते, मांजरा कंदकुर्तीपाशी गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. औशाच्या शिवारात पडणारा पाऊस कोकणाच्या समुद्राला पाठ दाखवून ओडिशाच्या कासवांच्या समुद्राकडे जातो. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळच्या होप बेटाच्या वाळूवर रिडले अंडी घालतात. ती वाळू दख्खनच्या पठाराने हजारो वर्षांत पाठवलेली आहे. आता तेरणेवर माकणीचं धरण आहे, मांजरेवर सिंगूर आणि निजामसागर, गोदावरीवर पोचमपाड, अगदी खाली धवळेश्वरम. प्रत्येक धरण पाणी अडवतं तसा गाळही अडवतं. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा मागे हटतो आहे आणि अडलेला गाळ हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासकांनी मांडलं आहे.

मी धरणांच्या विरोधात लिहीत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा लातूर तहानेने कोरडं पडलेलं होतं, ते इथला माणूस विसरूच शकत नाही. पण नदीच्या पात्रातून रातोरात ट्रॅक्टर-टिप्पर भरून जी वाळू उपसली जाते, तिची गोष्ट वेगळी आहे. ती उपसल्याने तहान भागत नाही, उलट विहिरींचं पाणी खाली जातं. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते हे नदीकाठचा कुठलाही शेतकरी सांगेल. तीच वाळू पुरात पुढे सरकली तर काही पिढ्यांनी कुठल्या तरी किनाऱ्याला पोहोचते. म्हणजे वाळूउपसा थांबवणं ही आमच्या विहिरींची गरज आहे आणि समुद्रकाठचीही.

किनाऱ्यावरही धोरण बदलायला हवं. ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात किनाऱ्यापासून २० किलोमीटरांपर्यंत मासेमारीला बंदी असते. तरी दरवर्षी हजारो कासवं जाळ्यांत गुदमरून मरून किनाऱ्याला लागतात, कारण कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं आणि ट्रॉलरचं जाळं त्याला वर येऊ देत नाही. महाराष्ट्राने २०१८ पासून एक चांगली वाट काढली : जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला सोबत घेतलं, म्हणून ही योजना चालली. पण आता कळलं आहे की ओडिशात वाचवलेली मादी कोकणात वीण करू शकते आणि कोकणात जन्मलेलं पिल्लू तामिळनाडूच्या जाळ्यात सापडू शकतं. राज्याराज्यांनी आपापल्या हद्दीपुरतं राखण करणं पुरेसं नाही. ओडिशाची मासेमारीबंदी, महाराष्ट्राची भरपाई, कासवांना निसटायला वाट देणारी ट्रॉलरची जाळी आणि टॅगच्या नोंदींची एकच सामायिक यादी, हे सगळं दोन्ही किनाऱ्यांवर एकत्र लागू व्हायला हवं.

गुहागरहून समुद्रात गेलेल्या त्या १०७ पिल्लांतली एखादी जगली, तर २०४०च्या सुमारास ती अंडी घालायला येईल. कोकणात येईल, ओडिशात येईल, की गोदावरीच्या मुखाशी, हे आज सांगता येत नाही. म्हणून तिन्ही ठिकाणची वाळू तोपर्यंत शाबूत राखावी लागेल, आणि त्यातल्या एका ठिकाणची जबाबदारी तेरणेच्या पात्रापासून सुरू होते.